राखेतली पावलं

नायगावच्या स्टँडवर एसटीच्या टपावर शिलाई मशीन चढवताना आई हमालाला म्हणाली, "हळू ठेवा दादा, आमचं पोट हाय ते." विहिरींनी तळ दाखवला होता आणि लातूर नुकताच जिल्हा झाला होता. जिल्हा म्हणजे कचेऱ्या, कचेऱ्या म्हणजे साहेबांच्या बायका आणि बायका म्हणजे ब्लाउज, असा बाबांचा सरळ हिशोब. गावात मागे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना वाटलं, यांचं नशीब उघडलं. उघडलंही, थोडे दिवस.

मग घरमालकिणीने आडनाव विचारलं. आडनावावरून जात कळली आणि ती गल्लीभर झाली. कुणी भांडलं नाही, हाकललं नाही. भाडं तेवढं वाढलं. एकीने बेतलेलं कापड तसंच परत नेलं, मग बाकीच्याही यायच्या थांबल्या. बाबांच्या मजुरीत कसंबसं भागायचं. आई नळावर गेली की बायकांचं बोलणं थांबायचं, ती वळली की तिथूनच पुढे सुरू. दुकानदार तिच्या डोक्यावरून मागच्या बाईला विचारायचा, काय देऊ? गावातही आमची वस्ती वेशीबाहेरच होती, उगाच गोडवे गात नाही मी. पण तिथे शिवी तरी नावानिशी मिळायची.

दुपारी शाळेतून येताना मशीनचा आवाज ऐकू यायचा. वाटायचं, काम आलं. आत बघावं तर सुईखाली कापडच नाही. आई नुसती पाय मारत बसलेली. हाक मारली तरी मान वर करायची नाही. मला माझ्याच आईची भीती वाटायला लागली.

आमच्याकडे माणूस गेलं की राख पसरून टोपलीखाली झाकतात. सकाळी त्यात कोणती पावलं उमटली ते बघतात आणि जीव कुठल्या जन्माला गेला ते ठरवतात. एका सकाळी उठले तर उंबऱ्यापासून मशीनपर्यंत चुलीतली राख चाळून पसरलेली. आई तिच्यावरून चालून कडेला उभी होती, डोळे मिटून.

"बघ गं बाई, माझे पाय उमटले का? दुष्काळात मी तिकडंच तर न्हाई मेले?"

उमटले होते, बोटांसकट. मी सांगितलं, तिला पटेना. मग बाबा उठले. तिच्या पावलाशेजारी त्यांनी आपलं पाऊल ठेवलं आणि तिथेच राखेत बसले.

आता लातुरात आमचं स्वतःचं घर आहे. आईच्या गोळ्या चालू असतात. मी पुण्याहून जाते तेव्हा बेल वाजवत नाही, दारातूनच हाक मारते आणि तिची 'ओ' येईपर्यंत बाहेर थांबते. माझं घर म्हणजे आता तेवढंच. ओ येते. मग आतून ती हळूच विचारते, "ऐकू आलं का गं तुला?"