बाबांचा लांबचा पंप

ग्वाल्हेर सोडलं त्या दिवशी बाबांनी मला स्कूटरवरून स्टेशनला पोचवलं. पुढे बॅग, मागे मी आणि माझ्या मांडीवर बाबांच्या चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा. जाता जाता इंदरगंजच्या चौकात तो वाटायचा होता. दौलतगंजच्या आमच्या घरात पत्रकं माझ्याआधीची. अक्षरओळख मला त्यांनीच करून दिली. गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीशी म्हणाले, "बेटा, ज्यावर जगशील ते कुठून येतं, विचारत जा."

आता मी गुजरातच्या किनाऱ्यावर एका रिफायनरीच्या लॅबमध्ये आहे. इथे विचारावं लागत नाही, कच्च्या तेलाच्या नमुन्याच्या बाटलीवरच लिहिलेलं असतं: इराक, रशिया, सौदी, कधी अमेरिका, कधी आफ्रिकेतला एखादा देश. कुठलं क्रूड दाट, कुठलं पातळ, कुठल्यात गंधक जास्त. पुढे टाकीत सगळं एक होतं.

तिकडे बाबांनी व्रत धरलं. शेजारी देशावर बॉम्ब टाकणाऱ्या देशाचं तेल आपल्या स्कूटरमध्ये नको. कुणीतरी त्यांना सांगितलं, अमकी कंपनी तसलं तेल घेत नाही. झालं, जवळचा पंप सोडून ते शहराबाहेरच्या पंपावर जाऊ लागले. आई फोनवर म्हणायची, "पेट्रोल भरायला जातात आणि येताना अर्धं जाळून येतात. इनसे कौन बोले?"

मी बोलले नाही. त्या हट्टावर त्यांचं म्हातारपण ताठ उभं होतं. पण एके दिवशी ते म्हणाले, "आता पत्रक काढतो. त्या पंपाचं नाव सांगतो लोकांना." आमच्या घरातून खोटं पत्रक कधी निघालं नव्हतं. मग मी सांगितलं: तेल टाकीतच मिसळतं, आणि एका कंपनीचं पेट्रोल दुसरीच्या पंपावर सर्रास जातं.

बाबांनी हिशेब जुळवला.

"म्हणजे युद्ध थोडं थोडं सगळ्यांच्याच टाकीत आहे."

"हो."

"तुझ्या पगारात पण?"

"हो, बाबा."

ते पत्रक निघालं नाही. मी नोकरीही सोडलेली नाही, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण तुम्ही ग्वाल्हेरला मागे राहिलेले आणि आम्ही निघून आलेले, आपल्या सगळ्यांच्या नावावर हा देश तेल विकत घेतो. कुणाकडून आणि का, हे विचारणं आपलं काम आहे. स्वस्त मिळालं म्हणून गप्प बसणं हीसुद्धा एक किंमतच आहे, फक्त ती दुसरा कुणी मोजतो.

यंदा सुट्टीत गेले तेव्हा बाबा स्टेशनवर स्कूटरशिवाय उभे होते. आम्ही बॅटरीच्या रिक्षात बसलो. चौक मागे पडला तसे ते पुढे वाकले.

"भैया, इसकी बिजली कहाँ से आती है?"

"घर से, बाबूजी. रात को लगा देते हैं."

"और घर में कहाँ से?"

चालकाने आरशातून माझ्याकडे पाहिलं, हे कोण म्हणून. मी बॅग मांडीवर घेतली आणि उत्तराची वाट पाहत बसले. आपण घरी आलोय, हे मला तिथेच कळलं.