सहाशे बारा दिवे

आमच्या रामदासपेठेतल्या संस्थेत संगणक आला तेव्हा त्याच्या खोलीसाठी मी स्वतःच्या हाताने तीन सूचना लिहिल्या. पहिली, चपला बाहेर काढाव्यात. दुसरी, या खोलीत वाळ्याची ताटी लावू नये, ओलाव्याने यंत्र बिघडते. तिसरी खोलीतल्या लोखंडी कपाटावर चिकटवली: 'हात लावू नये, करंट आहे.' ही तिसरी सूचना आठवली की अजून माझे कान गरम होतात. पण मनकर्णाबाईंबद्दल सांगायचं तर ती लपवून चालणार नाही.

साल अठ्ठ्याऐंशी. मी मधुकरराव, संस्थेचा कार्यालयीन अधीक्षक. डॉक्टर मंडळी संशोधन करायची आणि मी त्यांच्यावर करवादायचो, अशी आमची कामाची वाटणी होती. संस्था म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. डॉ. इंदुताई कन्हानकडच्या एका कोळसा खाणीतल्या कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास करत होत्या. तीन वर्षं दर सहा महिन्यांनी त्या खाणीवर जायच्या, प्रत्येकाला एका नळीत जोरात फुंकायला लावायच्या आणि आकडा टिपून घ्यायच्या. असे एकूण सहाशे बारा लोक. कोळशाला भोक पाडताना पाणी मारलं तर धूळ उडत नाही, म्हणून पाण्याची सोय करा, एवढंच त्यांना खाण सुरक्षेच्या समितीला पटवायचं होतं. पण समिती आकड्यांशिवाय ऐकणार नव्हती. बैठक मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता. ती हुकली तर पुढची वर्षभराने.

संगणक म्हणजे एका परदेशी संस्थेने वापरून झाल्यावर दान दिलेली पेटी. शिवणयंत्रासारखं झाकण, वर धरायला मूठ, आत वहीएवढा हिरवा पडदा. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की हा कुठेही सहज नेता येतो. लिहिणाऱ्याने तो कधी उचलला नसावा. माझी कंबर त्या पेटीने दोनदा धरली आहे. ती जुनीही झाली होती. सहाशे बारा लोकांचा हिशोब करायला तिला चार तास वीस मिनिटं लागत, आणि त्या उन्हाळ्यात वीज घड्याळ लावल्यासारखी दर चार तासांनी जायची. वीज गेली की केलेलं सगळं पुसलं जाई. भाड्याने जनरेटर आणून पाहिला, तर त्याच्या हिसक्यांनी यंत्र बंद पडलं. पाच वेळा हिशोब लावला आणि पाचही वेळा शेवटच्या वीस मिनिटांपूर्वी पडदा काळा झाला.

तेव्हा मी डोकं चालवलं. त्या सहाशे बारांपैकी साठ जण तीन वर्षांत वारले होते किंवा अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या नोंदी अर्धवट होत्या. मी इंदुताईंना म्हणालो, "हे साठ वगळा. हिशोब चार तासांच्या आत बसतो." व्हरांड्यातल्या बाकावरून आवाज आला.

"गेलेले लोक काहून काढून राहिले साहेब?"

या मनकर्णाबाई. पन्नाशीच्या, सुती नऊवारी, हातात चांदीचं एक जाड कडं. त्या खाणीच्या लँपरूममध्ये बावीस वर्षं होत्या. खाली उतरणारा माणूस तिथे आपला पितळी बिल्ला देतो आणि डोक्याला लावायचा दिवा घेतो. वर आला की दिवा देतो, बिल्ला परत घेतो. दिवे दुरुस्त करणं, ते मोजणं आणि शेवटचा दिवा वर आल्यावरच लँपरूमचं दार लावणं हे बाईंचं काम. इंदुताईंचं फुंकायचं यंत्र खाणीवर बंद पडलं तेव्हा बाईंनीच ते केसातल्या आकड्याने चालू करून दिलं होतं. त्या दिवशी त्या नोंदवही पोचवायला आल्या होत्या. बाईंचे यजमान चंपतराव त्याच खाणीत होते आणि मागच्या हिवाळ्यात धाप लागून वारले होते. माझ्या साठ जणांत ते होते, हे मला बोलून गेल्यावर आठवलं.

"हिशोब लवकर व्हावा म्हणून," मी म्हणालो.

"आमच्याकडं दिवा वापस नाही आला तं तो नंबर खोडत नाही," बाई म्हणाल्या. "त्याच नंबरासाठी तं आमी थांबतो."

आवाज चढलेला नव्हता. मला मात्र माझीच लाज वाटली. इंदुताई म्हणाल्या, "बाई बरोबर सांगतात. मेलेले काढून टाकले तर खाण निरोगीच दिसणार, मधुकरराव." अभ्यासात त्यांनी प्रत्येक कामगाराला त्याच्या दिव्याचाच नंबर दिला होता. चंपतरावांचा तीनशे अठरा.

नवा संगणक घेण्याची आमची ऐपत नव्हती. पण इंदुताईंच्या भावाने मुंबईहून कळवलं की या यंत्राचा मेंदू म्हणजे एक चिप असते. तेवढीच काढून त्याच मापाची, जास्त चलाख चिप तिथे बसवता येते आणि किंमत टेबलफॅनहून जास्त नाही. त्याने दोन चिपा पाठवल्या. बोटाच्या दोन पेरांएवढी काळी वडी, दोन्ही बाजूंना वीस-वीस पाय. ती बसवायला शुक्रवारी एक तंत्रज्ञ आला. चकचकीत टेरिलिनचा बुशकोट, केस नुकतेच विंचरलेले आणि तरी सगळे ताठ उभे. कपाटाला हात लागताच तो टुणकन उडाला आणि माझी सूचना वाचून म्हणाला, बरोबर लिहिलंय. त्याने चिप बसवली. पडदा उजळलाच नाही. जुनी परत बसवली, उजळला. "मालच खराब आहे," असं सांगून तो गाडी पकडायला गेला. दुसऱ्या चिपेला हात लावायची मग कोणाची छाती होईना.

बैठकीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी मनकर्णाबाई कन्हानहून बसने आल्या. इंदुताईंनीच निरोप धाडला होता. मी म्हणालो, "हा दिवा नाही बाई, संगणक आहे." बाईंनी मान डोलावली आणि विचारलं, "जमिनीत गेलेला नळ कुठं हाय?"

मी पाण्याचा पेला आणून दिला. बाईंनी तो शांतपणे संपवला, खाली ठेवला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

मग त्या खोलीत आल्या. माझी कपाटावरची सूचना त्यांनी एकेक अक्षर लावून वाचली. मला म्हणाल्या, "लावा बरं हात." मी बोट टेकवलं, टिक्‌ करून झटका बसला आणि मी हात झाडला. बाई बाहेर गेल्या, मोरीत पाय ओले करून आल्या आणि कपाटावर अख्खा पंजा ठेवला. काही झालं नाही.

"कपाटात करंट नाही साहेब," त्या म्हणाल्या. "तुमच्यात हाय."

इंदुताई एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. सगळा मे महिना मी घरमालकाला वायरिंग दुरुस्त करा म्हणून चार कडक पत्रं लिहिली होती. त्यांचं उत्तर का येत नव्हतं ते तेव्हा समजलं.

बाईंनी मग सांगितलं. उन्हाळ्यात हवा सुकली की टेरिलिन-नायलॉनच्या कपड्यात ठिणगी तयार होते. खाणीत खाली वायू असतो, तिथे एवढीशी ठिणगी पुरते. म्हणून लँपरूममध्ये नायलॉन घालून आलेल्याला त्या बावीस वर्षं घरी पाठवत आल्या होत्या. "त्या पोराच्या बोटातून ते ठिणगी चिपेत गेली असन. माल चांगला होता." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही टेरिकॉटमध्ये होतो. मला दाराबाहेर उभं केलं. माझ्याच कार्यालयात, माझ्याच पहिल्या सूचनेखाली.

"वायाची ताटी हाय का?" त्यांनी विचारलं.

माझी दुसरी सूचनाही गेली. माळ्यावर टाकलेली वाळ्याची ताटी मी काढून आणली, बाईंनी ती खिडकीत बांधून पाण्याने निथळवली आणि फरशीवर पाणी शिंपडलं. बारा वाजता वीज गेली. बाहेर लू सुटली होती, ती ताटीतून आत आली ती गार आणि सुवासिक होऊन. पंधरा मिनिटांत खोलीतली हवा बदलली. महिनाभर आम्ही यंत्रासाठी म्हणून स्वतःला भाजून घेत होतो.

बाईंनी तांब्याची बारीक तार काढली. एक टोक नळाला बांधलं, दुसरं हातातल्या कड्याला, म्हणजे अंगातली ठिणगी चिपेत न जाता जमिनीत जाईल. चंपतराव गेल्यावर काचेच्या बांगड्या गेल्या होत्या, चांदीचं कडं तेवढं राहिलं होतं. मग पेटी उघडून त्या खिडकीच्या उजेडात बसल्या. पेचकसाचं टोक सुती चिंधीत गुंडाळून जुनी चिप त्यांनी एकदा या टोकाने, एकदा त्या टोकाने, तिळातिळाने उचलली. एकही पाय वाकला नाही. नवीचे पाय जरा फाकलेले होते. ते ओल्या पाटावर टेकवून सरळ केले. चिपेच्या एका टोकाला खाच असते, ती कुठल्या बाजूला होती ते आधीच डोळ्यांत धरून ठेवलं होतं. चाळीस पाय चाळीस भोकांवर आले की नाही हे त्यांनी बोटाने चाचपलं आणि मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. बारीकसा आवाज आला.

"बसली," बाई म्हणाल्या. जुनी चिप कडेला ठेवत म्हणाल्या, "हिले फेकू नका. बिचारीनं खूप केलं."

मी दाराबाहेर उभा होतो. आयुष्यात मी मोठमोठे शस्त्रक्रियेचे डॉक्टर पाहिले आहेत. त्यांच्यापुढेही मी असा श्वास रोखून उभा राहिलो नाही.

दोनला वीज आली आणि पडदा उजळला. दोन वाजून पाच मिनिटांनी इंदुताईंनी हिशोब सुरू केला, सगळ्या सहाशे बारांचा. ज्याचा हिशोब चालू त्याचा नंबर पडद्यावर उमटायचा. सहाला वीज जाणार, आणि छापायला दहा मिनिटं हवीत. बाई पडद्यासमोर जमिनीवर बसल्या आणि पुटपुटू लागल्या. मला वाटलं जप करतात. पेटी मिटल्यावर मलाही आत घेतलं होतं, म्हणून जवळ जाऊन ऐकलं.

"एकशे बारा, नानाजी. एकशे तेरा, बाबाराव, याच्या दिव्याची वायर दर साली बदलाव लागे. एकशे चौदा, देवराव, हा तं पोरीच्या लग्नाच्या दिवशीही उतरला होता."

नंबर बदलला की नाव. एकही चुकलं नाही, एकालाही आठवावं लागलं नाही. यादी इंदुताईंच्या मांडीवर होती. त्या पहिल्यांदा बोट ठेवून पडताळत होत्या, मग त्यांनी यादी मिटून बाजूला ठेवली. यंत्राला नवा मेंदू आम्ही बसवला म्हणून मी मघापासून फुशारत होतो. या बाईंच्या डोक्यात सहाशे बारा माणसं, त्यांच्या वायरी, त्यांच्या मुलींची लग्नं, सगळं बावीस वर्षं नीट होतं, आणि वीज कितीदा गेली तरी त्यातलं काही पुसलं गेलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला तो आता लिहितानाही येतो.

चार वाजायच्या सुमाराला पडद्यावर तीनशे अठरा आला. "तीनशे अठरा," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. त्या नवऱ्याचं नाव घेत नसत. बावीस वर्षं लँपरूममध्ये हजेरी घेताना सगळ्यांची नावं घेतली, तेवढा एक नंबर बिननावाचा ठेवला.

"चंपतराव," मी म्हणालो.

बाईंनी मान डोलावली. तोवर तीनशे एकोणीस आला होता.

पाच शेहेचाळीसला सहाशे बारावा नंबर उमटला. छापायचं यंत्र करकरू लागलं. आम्ही तिघं घड्याळाकडे बघत नव्हतो, कागदाकडे बघत होतो. शेवटची ओळ छापून झाली तेव्हा सहाला चार मिनिटं कमी होती. इंदुताई टेबलावर डोकं ठेवून रडल्या. सहाला वीज गेली. दुसऱ्या दिवशी समितीने ते आकडे मान्य केले आणि पावसाळ्यानंतर त्या खाणीत भोकं पाडताना पाणी मारायला लागले.

पण त्या संध्याकाळी बाईंची शेवटची बस साडेसहाची होती आणि त्या उठेनात. कागदाची लांब पट्टी त्यांनी व्हरांड्यात अंथरली आणि उजेड होता तोवर एकेका नंबराखालून बोट फिरवत गेल्या. मी बसची आठवण केली. त्यांनी हाताने थांबा म्हटलं. शेवटच्या नंबरावर बोट टेकवून त्या उठल्या, कड्याला तशीच राहिलेली तार सोडली आणि चपला पायात घातल्या.

"सगळे वर आले, साहेब," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आता दार लावा."