जरा खिडकीपाशी या

आमच्या भोपाळच्या टाउनशिपमधल्या दवाखान्यातले ते कंपाउंडर कुणालाच नावानं हाक मारत नसत. 'भाऊ, जरा खिडकीपाशी या,' म्हणत आणि गार बोटानं पापणी खाली ओढून डोळ्याचा पांढरा भाग पिवळा पडलाय का ते बघत.

डेंग्यूनं भरती होतो तेव्हा वॉर्डातल्या गोळ्या घेऊन वर घरून आणलेल्या तापाच्या गोळ्याही मी चोरून घ्यायचो. ताप उतरला, मी खूश. त्यांनी मात्र डोळे बघितले आणि काही न विचारता उशीखालची पाकिटं काढून घेतली.

'ताप गेला, भाऊ. आता या गोळ्या लिव्हर खात आहेत.'

वाचलो. हल्ली ते दूध केंद्रावर भेटतात, डोळ्यांत बघतात, मान हलवून पुढे जातात.

आज थांबले. 'भाऊ, जरा उन्हात या.'

गुडघ्यासाठी चालू केलेल्या गोळ्यांबद्दल मी घरीसुद्धा बोललो नव्हतो.