बावखलातल्या वायूचं वय

आमचे नरहरीकाका खोटं बोलायला गेले की त्यांचे कान लाल होत. त्यामुळे गिरीज गावच्या या वाडीवाल्याच्या उभ्या जन्मात एकच लबाडी जमा आहे, आणि तीही फसलेली.

१९५७ च्या चैत्रात काका बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठी विडी ओढत बसले होते. जळती काडी त्यांनी पाण्यावरच्या बुडबुड्यांत टाकली आणि भक्कन निळी ज्वाळा उठली. झालं! वाडीखाली तेल आहे म्हणून गावभर बोंब. एक सरकारी साहेब येऊन बजावून गेले, तेल निघालं तर जमीन घ्यावी लागेल, तोवर गाळालाही हात लावायचा नाही. गाव हरखून गेलं. काकांना मात्र जेवण गोड लागेना. दर वैशाखात बावखलाचा गाळ उपसून राजेळी केळींना घालायचा, यावरच ती वाडी तीन पिढ्या उभी होती.

तपासणी आली शेजारच्या प्लासिडच्या लेकीकडे, रेजिनाकडे. ती मुंबईच्या प्रयोगशाळेत कामाला होती. पाण्यात नरसाळं उपडं धरून तिने तो वायू मोठाल्या बरण्यांत भरला.

"काका, जिवंत झाडात एका जातीचा कार्बन असतो," तिने समजावलं. "झाड मेलं की तो हळूहळू संपत जातो. जमिनीतलं तेल लाखो वर्षांचं, त्याच्या वायूत तो उरतच नाही. कुजल्या पानांच्या वायूत मात्र चांगला सापडतो. वायू कमी पडला तर पुन्हा न्यायला येईन."

काकांनी एवढंच धरलं, की पानं सापडली तर वाडी वाचली. दुसऱ्या दिवसापासून ते पाटी पाटी केळीची पानं बावखलात लोटू लागले.

"साठी उलटल्यावर परीक्षेत कॉपी करताय!" आनंदीकाकू कपाळाला हात लावत. काका ऐकतात कसले? मधे रेजिना येऊन जादाच्या बरण्याही भरून घेऊन गेली.

वैशाख सरता सरता रेजिना कागद घेऊन आली. ती घडी उलगडणार, तोच काका उठले. कान लालभडक.

"थांब बाय. मी तळ्यात पानं टाकलीत. तुझा निकाल खोटा पडंल. वाडी गेली तर जाऊ दे, पण माझ्यापायी तुझ्या नावाला बट्टा नको."

या माणसाचा तेव्हा मला राग आला आणि अभिमानही वाटला.

रेजिना हसली. "काका, मी पहिल्याच बरण्या तपासल्या. पानं टाकायच्या आधीच्या. वायू अगदी ताजा आहे, तुमच्याच वाडीच्या पाचोळ्याचा. तेल-बिल काही नाही. साहेबांनाही कळवलंय."

काकांनी डोळे पुसत विचारलं, "म्हणजे गाळ काढू?"

ती हो म्हणेपर्यंत ते धोतर खोचून पाण्यात उतरलेही होते. त्या साली गाळ दुप्पट निघाला. केळी अशा पोसल्या की टेकू द्यावे लागले. पहिला लोंगर, केळ्यांचा अख्खा घड, काकांनी स्वतः खांद्यावरून प्लासिडच्या ओटीवर नेऊन ठेवला.