गाण्याच्या बाईंचा रविवार

भिवंडीत सुट्टीचे वार निरनिराळे. आमच्या पलीकडच्या गल्लीतले कापडाचे लूम शुक्रवारी थांबतात, नवऱ्याचं वडपे गावातलं गोडाऊन तर थांबतच नाही. मी हिंदू, शिकवते ख्रिस्ती शाळेत. तिथल्या मुख्याध्यापिका सिस्टर. त्यांचा नियम कडक: रविवारी शाळेचं काम करायचं नाही. पेपर घरी न्यायचे नाहीत, ग्रुपवर मेसेज टाकायचा नाही. सातवा दिवस देवाचा. आम्हाला काय, सोन्याहून पिवळं! मी दुपारी मस्त ताणून देते.

पण मला मेलीला नको तिथे प्रश्न पडतात. आमच्या गाण्याच्या बाई ख्रिस्ती, माझी मैत्रीण. सोमवार ते शनिवार शाळेत गाणं. रविवारी चर्चमध्ये क्वायरबरोबर गाणं, मग लहान मुलांचा धर्मवर्ग, वर नाताळची तालीम. डबा खाताना एकदा विचारलंच, "अगं, तुमच्या देवामुळे आम्हाला सुट्टी. मग तुझी सुट्टी कुठाय?" ती नुसती हसली. हसण्याला आवाजच नव्हता, घसा पार बसला होता.

डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, आठवड्यातून एक दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. गाण्याच्या बाईचा आवाज गेला तर तिने करायचं काय? घरी सांगितलं तर सासरेच खवळले. "सोमवारी आमी बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाय. तुमच्या बाईला तेवढी बी सुट्टी न्हाय?"

दुसऱ्या दिवशी मी तरातरा सिस्टरांच्या केबिनमध्ये गेले. "सिस्टर, हिचा सातवा दिवस कुणी खाल्ला?" बोलून गेले आणि जीभ चावली. सिस्टर म्हणाल्या, "माझ्या लक्षातच आलं नाही हो." चर्चच्या फादरांशी त्याच बोलल्या आणि हिला रविवारी गाण्यातून सुट्टी मिळाली.

त्या रविवारी मीही चर्चला गेले. खोटं कशाला बोलू, ही खरंच गप्प बसते का ते बघायला! मागच्या बाकावर आम्ही दोघी. क्वायर तिच्याविना सुरू झाली आणि दुसऱ्याच ओळीला घसरली. एरवी एक सूर हलला तरी हिचा जीव वरखाली होतो. आता ही उठणार म्हणून मी तिचा हात घट्ट धरला. बघते तर बाई माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपलेल्या.

देवाच्या दारात असं झोपलेलं चालतं का, मला काय ठाऊक! तेवढ्यात सगळे उभे राहायला लागले. मी तिला हलवणार, तोच पलीकडच्या बाकावरून सिस्टरांनी हाताने खूण केली: बसा.

सगळं चर्च उभं होतं. आम्ही दोघी तेवढ्या बसून राहिलो.