मेकॅनिकलची मुलगी

येवल्याच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली, तशी पप्पांनी माझी बॅग खिडकीतून आत ढकलून जागा धरली. मी गर्दीतून कशीबशी त्या सीटपर्यंत पोचले तेव्हा ते खाली खिडकीशी उभे होते. मनमाड रस्त्याला त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. अंगावर ठेवणीतला शर्ट होता, पण नखांतलं ऑईल काही निघालं नव्हतं. आई दोन पावलं मागे, हातात दशम्यांचा डबा घट्ट धरून, जणू तो द्यायचाच नव्हता.

"लोकं म्हणत्यात कॉम्प्युटरला घाला," पप्पा म्हणाले. "तुला मशीन आवडतं ना? मग मशीनच शिक. कोणी काय बोललं, वाकडं वागलं, की मला फोन कर. मी लगीच येतो."

तुमच्यापैकी ज्या माझ्याबरोबर बारावीला होत्या, त्या सगळ्या त्या वर्षी कुठे ना कुठे गेल्या. कोणी फार्मसीला, कोणी नर्सिंगला, कोणी सासरी. मेकॅनिकल इंजिनिअरिंगला मी एकटी. आणि तुम्ही अजून मला विचारता, "पोरं त्रास द्यायची का गं?" त्याचं उत्तर मी आजवर टाळत आले. कारण पप्पांना तो फोन मी कधीच केला नाही. सुरुवातीला कोणी काही बोललंच नाही. तेच सांगायचं आहे.

कॉलेज शहराच्या कडेला होतं, द्राक्षांच्या बागा जिथे संपतात आणि प्लॉट पाडलेले दिसायला लागतात तिथे. पहिल्या दिवशी मी मेकॅनिकलच्या इमारतीत शिरले तेव्हा जिन्यात पोरांचा नुसता गलका चालला होता. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तो थांबला. सगळे भिंतीला लागून उभे राहिले, नजरा खाली. मी वर जाईपर्यंत कोणी हललं नाही. मी वळणावरून दिसेनाशी झाले, तसा गलका पुन्हा सुरू झाला.

वर शिपाईमामा स्टुलावर बसले होते. मोबाईलमधून डोकं न काढता त्यांनी खिशातून एक किल्ली पुढे केली. "आलीस का दीपाली. सुट्टीत खोली झाडून घेतली बघ."

"मी अश्विनी," मी म्हटलं. "फर्स्ट इयर."

"हो हो," ते म्हणाले, आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

ती दुसऱ्या मजल्यावरच्या लेडीज रूमची किल्ली होती. आत एक खुर्ची, एक आरसा, खिळ्याला अडकवलेला वर्कशॉपचा खाकी एप्रन. कंगव्यात लांब केस अडकलेले. आरशावर मरून रंगाची टिकली चिकटवलेली होती, माझ्या हनुवटीच्या उंचीवर. मी आरशात पाहिलं की ती टिकली माझ्या गळ्यावर यायची. काढून टाकावी असं रोज वाटायचं. हात लावला नाही.

वर्गात साठेक मुलं आणि मी. पहिला बाक माझ्यासाठी सोडलेला, त्याच्या मागचाही रिकामा. मुलं वाईट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. रस्ता द्यायची, दार धरायची, जर्नल हवं असलं तर बाकावर ठेवून जायची. फक्त माझ्याकडे बघायची नाहीत. सरही बघायचे नाहीत. फळ्याकडून वळताना त्यांची नजर माझ्या डोक्यावरून जायची आणि पलीकडे उतरायची. हजेरी संपली की म्हणायचे, "आणि मुलगी आहे," आणि वही मिटायचे.

पहिल्या आठवड्यातच वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रक्टर म्हणाले, "दीपाली, मागच्या वेळेसारखी फाईल उलटी धरू नकोस." मी सांगितलं, की इथे मी पहिल्यांदाच ती कानस हातात धरते आहे. ते "बरं बरं" म्हणाले. कँटीनमध्ये शेठने न मागता बिनसाखरेचा चहा पुढे केला. "तुला असाच लागतो ना?" मागे पोरांची रांग होती, म्हणून मी घेतला. दुसऱ्या दिवशीही तोच. मग मला गोड चहा नकोसा वाटायला लागला. सुट्टीला घरी गेले तेव्हा आईने केलेला चहा मी अर्धा सोडला. आई कपाकडे बघत राहिली.

दीपाली कोण हे मी विचारून पाहिलं. शेठ म्हणाले, तिचं लग्न झालं. इन्स्ट्रक्टर म्हणाले, पुण्याला कंपनीत आहे. सीनियर पोरांपैकी एक जण बुटांकडे बघत म्हणाला, "होती एक." मामांना विचारलं तर ते हसले. "अगं, काय चेष्टा करतेस म्हाताऱ्याची."

हॉस्टेलवर मात्र नुसत्या मुलीच मुली. तिथे फार्मसीच्या, नर्सिंगच्या, डीएडच्या मुली राहायच्या. त्यांच्या वर्गांत उलटं. यमुना माझी रूममेट, सुरगाण्याकडची, नर्सिंगला. तिच्या वर्गात दोनच मुलगे, आणि बाकीच्या मिळून त्यांना पार रडवायच्या. ती ते रंगवून सांगायची आणि आम्ही हसायचो. पण मी माझ्या वर्गाचं सांगितलं तेव्हा ती हसली नाही. केस विंचरता विंचरता थांबली.

"त्या नावानं हाक मारली का तू वळतेस?"

"कधी कधी. मलाच बोलावतात ना ते."

"वळू नको," ती म्हणाली. "आमच्याकडं दुसऱ्याच्या नावाच्या हाकेला ओ देत नाय. एकदा दिली का ते नाव आपल्यात घर करतं."

मी तिला खुळी म्हटलं. पण दिवाळीनंतर एके दुपारी थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला सरांनी विचारलं, "दीपाली, एन्ट्रॉपी म्हणजे काय?" आणि मी उभी राहून उत्तर दिलं. बरोबर दिलं. सर "गुड" म्हणाले. खाली बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की ते नाव मला खटकलंच नव्हतं.

त्या रविवारी मी येवल्याला गेले. गॅरेजच्या दारात उभी राहून रस्त्यावरचे कांद्याचे ट्रॅक्टर बघत होते. अचानक पप्पांनी खांदा धरून मला फिरवलं.

"किती हाका मारू? आशू, आशू करून घसा बसला. कुठं असतीस तू?"

मी ती हाक ऐकली होती. शपथ सांगते, ऐकली होती. कोणी तरी आशू नावाच्या मुलीला बोलावतंय, असं वाटून मी शांत उभी होते.

पप्पांनी मला आत नेऊन बाकड्यावर बसवलं. "कोणी काय केलं का?"

"नाही."

"बोललं का कोणी?"

"नाही पप्पा. कोणीच काही बोलत नाही."

त्यांनी फडक्याला हात पुसले. "मंग परत यायचं तर ये. घर तुझंच हाय. पन मला कळू दे, कशापायी."

काय सांगणार होते? मारणाऱ्याचं नाव सांगता येतं. मला सगळे रस्ता देत होते. मी परत नाशिकला आले, पण ब्रँच बदलायचा अर्ज कुठे मिळतो ते ऑफिसात विचारून ठेवलं.

अर्ज करायच्या आधी एकदा तरी तिला बघायचं ठरवलं. यमुनाने हॉस्टेलच्या स्वयंपाकीण मावशींकडून माहिती काढली. दीपाली वर्षभर याच हॉस्टेलवर राहिली होती, मग घरचे नाशिक रोडला राहायला आल्यावर घरून येऊ लागली होती. यमुना म्हणाली, "एकटी जाऊ नको." आम्ही दोघी सिटी बसने गेलो. जुन्या सरकारी क्वार्टर्स, दारापुढे तुळस, वाळत टाकलेलं कुरडयांचं ताट. टळटळीत दुपार होती.

दार तिनेच उघडलं. माझ्याहून बुटकी, गोल चेहऱ्याची, चष्म्याची. माझ्याशी एका केसाचंही साम्य नाही. तिने मला पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मेकॅनिकलची का?"

तिचं लग्न झालं नव्हतं आणि ती पुण्यालाही गेली नव्हती. घरी दहावीच्या मुलांना गणित शिकवत होती. आम्हाला पाणी दिलं, समोर बसली आणि अगदी साध्या आवाजात सांगू लागली.

"मला कोणी त्रास नाही दिला. मी बोलले की सगळे गप्प व्हायचे, म्हणून मी बोलणं कमी केलं. दुसऱ्या वर्षाला तर दिवस दिवस तोंड उघडायचे नाही. मग एक दिवस सकाळी उठलेच नाही. आईला म्हटलं, आज नको. दुसऱ्या दिवशीही नको. घरी पत्र येईल, फोन येईल, वाट बघत होते. टर्म संपल्यावर माझी आई कॉलेजला चौकशीला गेली." तिने चष्मा काढून पुसला. "माझी हजेरी पूर्ण होती."

"म्हणजे?" यमुनाने विचारलं.

"रोज लागली होती. मी इथे पलंगावर पडून होते आणि तिकडे मी वर्गात होते. सर आईला म्हणाले, मुलगी नियमित आहे, शांत आहे, काळजी करू नका. आई घरी आली आणि माझ्या अंगाला हात लावून बघायला लागली."

मी म्हटलं, "तुमचा एप्रन अजून तिथे आहे. आणि आरशावरची टिकली."

"एप्रन माझा," दीपाली म्हणाली. "टिकली माझी नाही. मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले तेव्हाच ती तिथे होती."

बसमध्ये यमुनाने माझा हात सोडला नाही.

ब्रँच बदलायचा अर्ज मी केला नाही. धीट होते म्हणून नव्हे. मी गेले तरी तिथे मी बसलेलीच राहीन, याची मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी थर्मोच्या सरांनी फळ्याकडे तोंड करूनच म्हटलं, "दीपाली, पुढची स्टेप सांग." मी उभी राहिले आणि काहीच बोलले नाही. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. मग मी म्हटलं,

"सर, माझ्याकडे बघा."

सर हळूहळू वळले. नजर सवयीने डोक्यावरून जाऊ लागली, आणि मग खाली आली. त्यांनी माझा चेहरा पाहिला. ते चिडले नाहीत. ते घाबरले. रिकाम्या खोलीत कोणी तरी उभं दिसावं, तसे दचकले.

"तू... कधी आलीस?"

"पहिल्या दिवसापासून आहे, सर. अश्विनी."

त्यांच्या हातातला खडू खाली पडला. मागच्या बाकावरून वाकून एका मुलाने तो उचलला, सरांना दिला, आणि परत जाताना माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत. "मी नांदगावचा," तो म्हणाला. बस, एवढंच. त्या दिवसापासून माझ्यामागच्या बाकावर कोणी ना कोणी बसू लागलं. भांडणंही झाली, चेष्टाही झाली, एकदा तर पप्पांना फोन करावा अशीही झाली. मी केला नाही. मला बरं वाटत होतं.

आता मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. यमुना सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. आम्ही दोघींनी पाथर्डी फाट्याजवळ दोन खोल्या घेतल्या आहेत. शॉप फ्लोअरवर पुरुषच पुरुष, आणि मोठाल्या मशीनच्या आवाजात एखादे दिवशी मला शिफ्टभर कोणी नावाने बोलावत नाही. अशा दिवशी घरी येऊन मी यमुनाशी काहीतरी वाद उकरून काढते. तिला कारण ठाऊक आहे. ती मनापासून भांडते.

येवल्याला आता वर्षातून दोन-तीनदाच जाणं होतं. तिथल्या माझ्या खोलीत कांद्याच्या गोण्या आणि भावाची सायकल आली आहे, आणि इथल्या खोल्या भाड्याच्या. तुम्ही विचारता, "मग घर कुठलं गं तुझं?" शिफ्ट संपली की मी आईला व्हिडिओ कॉल लावते. मी बहुधा जिन्यात असते, अंधार असतो. आई म्हणते, "उजेडात ये, तोंड दिसंना." मी खिडकीशी जाऊन उभी राहते. मग क्षणभर आई डोळे बारीक करून नुसती बघते. तो क्षण मला अजून सोसत नाही.

"हां," ती म्हणते. "आता दिसलीस."