काचेवरची पांढरी रेघ

आत्या गेल्याची तार घेऊन पोस्टमन डोणगावात आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी त्याच्यावरच उखडलो. आयुष्यभर मी लोकांना थापा मारल्या. आज कुणीतरी मलाच थाप मारतंय असं वाटलं... गिरजाआत्या आणि मरण? अहो, त्या बाईने वरवट बकाल गावात अख्ख्या विहिरीला हरवलं होतं!

गिरजाआत्या माझ्या वडिलांची बहीण. लवकर विधवा झाली, पण माहेरी परतली नाही. धाकटे दीर महादेवराव यांच्या बरोबरीने वांगी-मेथीचा मळा पिकवत राहिली. एकदा बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानातली काचपेटी तिने घरी आणली, सांधे सुताराच्या लांबीने बुजवले आणि मला फर्मावलं, "मासे आण." घर माळकरी. शेजारीण म्हणाली, "खायचे नाई तं पाळता काऊन, बाई?" आत्या म्हणाली, "तुले तरी कोन खाते? पाळलंच ना घरच्यांनी!" नागपूरहून पाच लाल मासे मी दुधाच्या डब्यातून आणले. गाडीत तिकीट तपासनिसाला सांगितलं, गंगाजल आहे. त्याने भक्तीने हात जोडले, तेवढ्यात गंगाजलाने आतून शेपटी आपटली... हे ऐकून आत्या म्हणाली, "अर्धं कर बे." माझ्या प्रत्येक गोष्टीवर तिचा हाच शेरा असे.

पुढच्या उन्हाळ्यात महादेवरावांनी सुरुंग लावून मळ्यातली विहीर खोल केली. पाणी असं चढलं की कावळे काठावर बसून चोची बुडवू लागले. (बरं, अर्धं करतो: दोन पुरुष चढलं.) नारळ फुटला, पेढे वाटले. आमच्या खारपाणपट्ट्यात वर गोडं पाणी नि खाली खारं, हे सगळ्यांना ठाऊक असतं; पण पाणी दिसलं की ठाऊक असलेलं कुणाच्या लक्षात राहतं? पेटीतही तेच पाणी पडू लागलं आणि आठ दिवसांत तीन मासे उलटे तरंगले. उरलेले दोघे तोंड वर काढून धापा टाकू लागले. पेटीतलं पाणी जरा आटलं, तशी काचेवर पांढरी रेघ उमटली. आत्याने तिच्यावर बोट फिरवून जिभेला लावलं आणि थुंकली. मग एक मासा शेजारच्या विहिरीच्या पाण्यात घातला. तो सावरला. पेटीतला मेला.

"भाऊजी, विहीर खालून बुजवा. होती तेवढीच ठेवा."

"चार माशांपायी? गाव हसन माह्यावर, वहिनी!"

"हसू द्या. तुरीची दाळ शिजून नाई राह्यली, मेथीची पानं जळून राह्यली. मळा मेल्यावर कोन हसन?"

महादेवराव हटले नाहीत. मग आत्याने कासोटा खोचला आणि एकटीच चिकणमातीच्या टोपल्या विहिरीत ओतू लागली. मी म्हणेन हजार टोपल्या. शंभर तरी नक्की. गाव खरंच बघायला जमलं, खरंच हसलं. तिने वरसुद्धा पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊबाई आली. तिसऱ्या दिवशी महादेवरावांनी मोट जुंपली, पाणी उपसलं, तळात उतरून माती तुडवली. पाऊस येऊन गेला, तेव्हा विहिरीत पाणी कमी होतं, पण गोड होतं. त्यानंतर पेटीत ओतण्याआधी आत्या रोज एक घोट स्वतः चाखायची. रेघ मात्र तिने कधी पुसू दिली नाही. "राहू दे, साक्षीदार हाय."

तेराव्याला पाहुणे जेवून टेकले होते. मळ्याजवळ आता विजेचे खांब आलेत. एक गृहस्थ महादेवरावांच्या कानाला लागले, "आता वहिनी नाईत. लावा सुरुंग, बसवा मोटर." मी काही बोललो असतो तरी माझं खरं कोण मानणार होतं? तेवढ्यात घरातल्या सुनेने पेटी लख्ख करायला चिंच घेतली...

"हात नको लावू त्या रेघेले!" महादेवराव असे गरजले की पंगतीतल्या पत्रावळी उडाल्या. मग गृहस्थांकडे वळून म्हणाले, "तुमाले लय घाई हाय ना? या, पयले हे चाटून पाहा!"

गृहस्थांना वहाणासुद्धा सापडेनात.

पेटी ओसरीवर तिथेच आहे. मासे नवे आहेत, रेघ तीच आहे. आणि सकाळी पाणी ओतण्याआधी महादेवराव एक घोट चाखतात. मरणाने आत्याला नेलं असेल, विहीर काही त्याला नेता आली नाही.

पत्रावळींचं अर्धं करा हवं तर. बाकी यातलं काही अर्धं करणार नाही.